सफरचंदाचा रस आणि मोहाचा सडवा

यवतमाळ जिल्ह्यात सफरचंद पिकत नाही. ते ट्रकमधून येतं, हिमाचल आणि काश्मीरकडून, पोळा-गणपतीच्या सुमारास. दिवाळीपर्यंत चौकाचौकांतल्या हातगाड्यांवर त्याचे ढीग लागतात आणि भाव जरा माणसात येतो. त्यामुळे घरच्या घरी सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं सौम्य मद्य, करू पाहणाऱ्या यवतमाळकराची पहिली अडचण मालाची असेल असं कुणालाही वाटेल. तशी ती नाही. याच जिल्ह्यात पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात आंबवण्याजोगी साखर दर वर्षी झाडावरून आपणहून खाली पडते. मोहाला ना खत लागतं ना फवारणी. अडचण आहे ती कायद्याची, आणि कायद्याच्या मागे उभ्या असलेल्या दीडशे वर्षांच्या अबकारीच्या हिशेबाची. सायडरची कृती वाचण्याआधी हा हिशेब नजरेखालून घातलेला बरा, कारण इंग्लंडातल्या शेतकऱ्याचा सफरचंदाचा पिंप आणि पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, घरामागचा मोहाचा माठ यांत रसायनशास्त्राला फारसा फरक दिसत नाही. तो दिसतो जमाखर्चाला आणि फौजदाराला.

आधी शास्त्र, ते थोडक्यात आटोपतं. सफरचंदाच्या लिटरभर रसात साधारण १०० ते १२० ग्रॅम साखर असते. यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी ती साखर खाते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरमागे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे रस पूर्ण आंबला की सहा-सात टक्क्यांचं पेय हाती येतं. ताकदीला ते कडक बिअरच्या आसपास आणि द्राक्षाच्या वाइनच्या निम्म्यावर. घरी करणारा माणूस हे हायड्रोमीटरवर पाहतो: रसाची घनता सुरुवातीला १.०५०च्या आसपास असते, साखर संपली की काटा १.०००वर किंवा त्याच्याही खाली उतरतो.

भांड्याच्या तोंडाला पाण्याची वाकडी नळी बसवतात. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. ही नळी म्हणजे सगळ्या उद्योगाचं कुलूप. हवा आत शिरली की अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात आणि सायडरचं व्हिनेगर होतं. गंमत अशी की हेच व्हिनेगर आज यवतमाळच्या मेडिकल दुकानांत वजन उतरवण्याचं औषध म्हणून बाटलीबंद मिळतं, आणि आयुष्यात दारूला न शिवलेली मंडळी सकाळी अनशापोटी चमचाभर घेतात. ते व्हिनेगर होण्याआधी दारू झालेलं असतं, दुसरी वाटच नाही. हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. दुकानातल्या डब्यातल्या रसात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट त्यात तग धरत नाही. आठवडाभर वाट पाहिली तरी बुडबुडा येत नाही. साखर शिल्लक असताना बाटलीचं बूच घट्ट लावलं तर वायू कोंडतो आणि बाटली फुटते. काचेच्या बाटलीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. भांडी नीट निर्जंतुक केली नाहीत तर सायडरला ओल्या घोंगडीचा वास लागतो. आणि तापमान: सायडरला बारा ते वीस अंशांचा गारवा मानवतो. रस संथपणे आंबला तर सफरचंदाचा वास पेयात टिकतो, घाईत आंबला तर उडून जातो. यवतमाळ शहर पठारावर असलं तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा विदर्भात हे काम डिसेंबर-जानेवारीचं, एरवी ते फ्रिजवाल्यांनी करावं.

मोहाला मात्र नेमका तो उन्हाळाच लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेल्या फांद्यांच्या टोकांना झुपके येतात आणि पहाटेच्या अंधारात फुलं गळायला लागतात. मोहफूल हे फूल असलं तरी हाताला फळासारखं लागतं: बोटाच्या पेराएवढं, फिकट पिवळसर, गुबगुबीत, आत रस भरलेलं. दाबलं की बोटं चिकट होतात, आणि त्याचा गोडसर, किंचित आंबूस, डोक्यात जाणारा वास दिवसभर हाताला राहतो. बायका आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण उन्हं चढल्यावर फूल मऊ पडतं आणि जनावरं टपलेलीच असतात. अस्वलाला मोह माणसापेक्षा कमी आवडत नाही. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची रीत आहे. ती जंगलाला महागात पडते, आणि दर उन्हाळ्यात वन विभाग आगीच्या नावाने जी बोटं मोडतो त्यात मोहाचा वाटा असतो.

वेचलेलं फूल अंगणात चार-पाच दिवस वाळलं की तांबूस-तपकिरी होतं आणि मनुक्यासारखं आकसतं. या वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. सफरचंद आणि मोह यांच्यातला मोठा फरक इथे आहे. सफरचंदाचा रस काढला की तो त्या हंगामातच आंबवावा लागतो; मोहफूल पोत्यात भरून वर्षभर ठेवता येतं आणि लागेल तेव्हा भिजवता येतं. त्यामुळे मोहफूल अन्न होतं, चलन होतं, अडीनडीची ठेव होतं. कोलाम, गोंड, परधान घरांत पावसाळ्याच्या तोंडाशी धान्य संपतं तेव्हा मोहफूल शिजवून, तिळाबरोबर कांडून, पिठात मिसळून खाण्याची रीत जुनी आहे. मोहाच्या बियांचं तेल निघतं, पेंड शेताला जाते. वनस्पतिशास्त्रात मोह आणि चिकू एकाच कुळातले. चिकूच्या बागा लावणाऱ्याला अनुदान मिळतं. मोहफूल पोत्यात घालून नेणाऱ्याला कालपरवापर्यंत कागद दाखवावे लागत होते.

आता माठाकडे वळू. मोहफूल पाण्यात भिजवून काही दिवस ठेवलं की ते फसफसायला लागतं. या आंबलेल्या द्रावाला विदर्भात सडवा म्हणतात, आणि जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत हा शब्द जवळजवळ एकाच क्रियापदाबरोबर छापला जातो: मोहफुलाचा सडवा नष्ट. पोलिसांनी नाल्याकाठी धाड टाकली, इतके ड्रम ओतले, इतक्या किमतीचा मुद्देमाल. शास्त्राच्या भाषेत सडवा ही मोहाची सायडरच. यीस्ट तेच, वायू तोच, अल्कोहोल तेच. पण सडवा कुणी पेला भरून पाहुण्यापुढे ठेवत नाही. तो भट्टीवर चढवायचा कच्चा माल. त्याची वाफ थंड करून जे थेंब पडतात ती मोहाची दारू, आणि त्यातली आधी उतरते ती सर्वांत जहाल. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार मराठी बोलण्यात तिथूनच आला आहे. एरवी तोंडात दारूचं नावही न घेणारे लोक तो राजकारण्यांच्या भाषणांना लावतात.

सफरचंद आंबवणारा जिथे थांबतो तिथे मोह आंबवणारा का थांबत नाही, याची काही कारणं साधी आहेत. सफरचंदात मॅलिक आम्ल भरपूर असतं. त्या आंबटपणामुळे नको ते जीवाणू दबून राहतात आणि पेय महिनोन्‌महिने टिकतं. मोहफूल नुसतं गोड. प्रयोगशाळेत मोहाची वाइन करून पाहणारे शास्त्रज्ञही त्यात वरून सायट्रिक आम्ल घालतात. विदर्भातल्या उष्म्यात आंबट नसलेला, उघड्या माठातला द्राव फार दिवस धड राहायचा नाही. उकळून काढलेली दारू मात्र टिकते. दुसरं कारण बाजाराचं आहे. चोरून करायची आणि चोरून न्यायची वस्तू जितकी तीव्र, तितकी वाहतूक सोपी. सात टक्क्यांचे दहा लिटर नेण्यापेक्षा तीस टक्क्यांचे दोन लिटर लपवणं परवडतं. सौम्य पेय उजेडात वाढतं. बंदी आली की भट्टीची चलती होते, हे अमेरिकेच्या दारूबंदीतही दिसलं.

सफरचंदालाही भट्टी ठाऊक आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात सायडर उकळून काल्व्हाडोस नावाची दारू काढतात. तिथल्या बागवाल्यांना स्वतःच्या फळांची ठरावीक दारू करमुक्त गाळण्याचा हक्क होता आणि तो वारशाने पुढे जात असे. १९६०मध्ये सरकारने वारसा बंद केला: ज्यांच्याकडे हक्क होता त्यांनी तो हयातभर वापरावा, मुलांना मिळणार नाही. रात्रीतून कुणी गुन्हेगार ठरलं नाही, एक पिढी संपेपर्यंत वाट पाहिली गेली.

इंग्लंडची गोष्ट यवतमाळच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. १७६३मध्ये लॉर्ड ब्यूटच्या सरकारने सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी सायडरवर कर बसवला, पिंपामागे चार शिलिंग, आणि तो वसूल करायला अबकारी अधिकाऱ्यांना शेतकऱ्याच्या घरात शिरण्याची मुभा दिली. पश्चिमेकडच्या सफरचंदाच्या परगण्यांत गदारोळ उठला. पैशापेक्षा राग उंबरठ्याचा होता: सरकारी माणूस आमच्या तळघरात येतोच कसा? थोरल्या विल्यम पिटने संसदेत कराला कडाडून विरोध केला. ब्यूटची खुर्ची त्याच वर्षी गेली, कर १७६६मध्ये मागे घेतला गेला. पुढे शंभर वर्षं हेरफर्डशर, सॉमरसेटमध्ये शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्ये मिळत राहिला. मजुरीपोटी दारू देणं १८८७च्या कायद्याने थांबलं. मजुराचा रोख पगार वाचला, शेतकऱ्याच्या घरची सायडर शाबूत राहिली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९२मध्ये, त्याच इंग्रजांच्या मुंबई सरकारने मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करणं, बाळगणं, नेणं यांवर निर्बंध आले. फुलावर! दारू अजून झालेली नाही, सडवाही नाही, पण झाडाखालचं फूल उचलणारा हात आधीच संशयित. कारण उघड होतं: सरकारने मक्ते दिलेल्या मध्यवर्ती भट्ट्यांची दारू खपायची तर गावची भट्टी विझायला हवी, आणि ती विझवायची तर फूलच अडवायला हवं. यवतमाळ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. ते वऱ्हाडात होतं, जिल्ह्याचं नाव ‘वणी’ होतं; ‘यवतमाळ’ हे नाव १९०५मध्ये मिळालं. पण अबकारीचं तर्कशास्त्र वऱ्हाडातही तेच चाललं, आणि भाषावार राज्यं झाल्यावर मुंबईचा कायदा इथे आलाच.

हा कायदा म्हणजे १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि बातम्यांत पुन्हा पुन्हा येणारं कलम ६५ हे त्याचंच. घरी, स्वतःपुरतं, पाच लिटर सायडर केली तर चालेल, अशी सूट त्यात नाही. इथे अमेरिकेची आठवण काढावीशी वाटते. तिथली १९२०ची देशव्यापी दारूबंदी इतकी कडक होती म्हणतात, पण तिच्या अंमलबजावणीच्या कायद्यात घरी, घरच्यापुरती सायडर आणि फळांचे रस करणाऱ्यांसाठी पळवाट ठेवली होती, कारण सफरचंदाच्या बागा असलेल्या मतदारांना दुखवायची कुणाची हिंमत नव्हती. मोहाच्या झाडांखालच्या मतदारांची इतकी भीती मुंबईत कधी कुणाला वाटली नाही.

सीमेचा खेळ पाहायचा असेल तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं. दोडामार्गच्या काजूबागेत बोंडू पडतात आणि पलीकडे गोव्यातही तेच बोंडू पडतात. तिकडे रस आंबवून, गाळून उर्राक आणि फेणी होते. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. सीमेच्या अलीकडे तेच काम विनापरवाना हातभट्टी ठरतं. बोंडवाला सीमा कळत नाही.

इथवरचा मजकूर वाचून घरगुती दारूचा रम्य पुरस्कार चालला आहे असं वाटेल, तर यवतमाळच्या बायका त्याला तयार उत्तर देतील. या जिल्ह्याच्या एका बाजूला वर्धा, सत्तरच्या दशकापासून दारूबंदीतलं. पूर्वेला चंद्रपूर, तिथे १ एप्रिल २०१५ला बंदी लागली आणि २०२१मध्ये उठली. त्यापलीकडे गडचिरोली, १९९३पासून कोरडं. मधल्या काळात वणीकडून चंद्रपुरात जाणारी दारू हा बातम्यांचा रतीब होता. यवतमाळमध्येही जिल्हा दारूबंदीसाठी बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, धरणी धरली. कापसाच्या पैशाची वाट घरी येण्याआधी कुठून जाते हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं अबकारी खात्यालाही नसेल. नियमाने त्यांच्या हाती एक मतदान दिलं आहे, जगात क्वचितच असेल असं: चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली, निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडवीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. बाटली आडवी झाली म्हणून पेढे वाटल्याच्या बातम्या याच महाराष्ट्रातल्या.

आणि हातभट्टी आता पूर्वीच्या मोहाची राहिलेली नाही. सडवा लवकर उठावा म्हणून गूळ आणि नवसागर पडतो, माठाच्या जागी प्लॅस्टिकचे ड्रम आले आहेत. शहरी वस्त्यांत तर फुलाचाही पत्ता नसतो. जून २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली ती औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. मोहाचा त्यात दोष नव्हता. फळांच्या पेक्टिनमधून सायडरमध्येही थोडं मिथेनॉल उतरतं, पण ते इतकं अल्प असतं की त्याने डोळे जात नाहीत. माणसं मरतात ती कारखान्याच्या पिंपातून चोरलेल्या रसायनाने. हा फरक धाडीच्या बातमीत क्वचित येतो. सगळ्याला ‘गावठी’ म्हटलं की काम भागतं.

म्हणून प्रश्न मोह पवित्र की पापी असा घालण्यात अर्थ नाही. पूजेत पितरांपुढे शिंपडलेले चार थेंब, जन्म-मरणाच्या कार्यात वाटलेला पेला आणि रोज संध्याकाळी नाल्याकाठी विकलेली पिशवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांचं नियमन करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार दिला. यवतमाळच्या पांढरकवडा भागातली अनेक गावं या क्षेत्रात येतात. या तीन गोष्टी वेगळ्या करण्याचं काम तिथली ग्रामसभा करू शकते. मुंबईत बसून ते होणार नाही.

फुलाभोवतीचा फास अलीकडे थोडा सैल झाला आहे. केंद्राने २०२०मध्ये वाळल्या मोहफुलाची आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. महाराष्ट्राने २०२१मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे जुने निर्बंध काढले. त्यामुळे लाडू, सरबत, जॅम करणाऱ्या बचत गटांची निदान पोत्यापायी अडवणूक होऊ नये. शेजारच्या मध्य प्रदेशाने पुढची पायरी चढली: २०२२मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देणारं धोरण आणलं आणि आदिवासी गटांना ती तयार करण्याचा मार्ग खुला केला. तिथेही उत्पादन भट्टीचंच. सात टक्क्यांचं, आंबट केलेलं, गाळलेलं मोहाचं पेय, म्हणजे खऱ्या अर्थाने मोहाची सायडर, बाजारात अजून सहज दिसत नाही. पुण्यात मध आंबवून मीड करणारा कारखाना परवाना घेऊन उभा राहिला, त्याने मधाबरोबर सफरचंदाचा रस आंबवून बाटल्या विकायला काढल्या, आणि शहरातल्या तरुणांनी त्या उचलल्याही. तेव्हा सौम्य पेयाला गिऱ्हाईक नाही, ही सबब आता चालायची नाही.

राहिली सफरचंदाची कृती. ती करता येते, पण जिथे कायदा करू देतो तिथे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती सायडर करायला परवाना लागत नाही. मोठ्या प्रमाणावर विकायची झाली की कर आणि नोंदणी आली. अमेरिकेत संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, घरगुती वाइन करता येते आणि सायडर त्यातच मोडते. विकता मात्र थेंबही येत नाही. मिशिगन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, ऑक्टोबरात मुलाबाळांसह बागेत सफरचंदं तोडायला जाणाऱ्या मराठी घरांना घाण्यावरचा ताजा रस तिथेच विकत मिळतो. तो घेताना फक्त एवढं पाहावं, की त्यात सॉर्बेट नाही. यवतमाळच्या वाचकाने मात्र हायड्रोमीटर मागवण्याआधी जिल्हा उत्पादन शुल्क कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. तिथे सायडर म्हणजे काय हे बहुधा त्यालाच समजावून सांगावं लागेल, आणि तेव्हा सडव्याचं उदाहरण देऊ नये.